काखेतील गाठ आणि शरीराचे राखणदार



या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर लिहावयाचे ठरले होते. तो लेख पुढील अंकी येईल. या वेळी जरा वेगळा विषय घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी सोडून स्तनाच्या कर्करोगावर काय लिहावे, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे बरोबरही आहे. मी डॉक्टर नव्हे, साधा कृषी पदविकाधारक आहे. परंतु घरच्या दुखण्यामुळे गेली सहा वर्षे दवाखान्याच्या बाकावर बसणे झाले, डॉक्टरांना खोदून खोदून विचारणे झाले, वाचन झाले. त्यातून जे समजले ते आपल्या भाषेत सांगावे एवढाच हेतू आहे.

आमच्या मोठ्या वहिनींना श्रावणात उजव्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून त्या कोणाला बोलल्या नाहीत. दसऱ्याच्या सुमारास काखेतही गाठ आली. शेजारणींनी काखमांजरी ठरवली आणि चुना-गुळाचा लेप झाला. दिवाळीनंतर कारखान्याचा बॉयलर पेटला, तोडणीची टोळी रानात आली, घरात माणसांचा राबता वाढला. "पट्टा पडू दे, मग बघू," असे त्या मनाशी म्हणत राहिल्या. पट्टा पडला, चैत्र उजाडला, तेव्हा त्यांनी माझ्या पत्नीला दाखवले. तोवर आठ महिने गेले होते. ऑपरेशनमध्ये काखेतील १७ गाठी काढल्या, त्यांपैकी ५ गाठींत रोग पोचला होता.

मी रोज चाळीस प्लॉट फिरतो. काणीचा चाबूक बांधावरून ओळखतो. घरात मात्र आठ महिने काही कळले नाही. हा लेख त्यामुळे लिहीत आहे.

काखेत गाठी असतातच

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी की काखेतील गाठ म्हणजे लगेच कर्करोग नव्हे. प्रत्येकाच्या काखेत वीस ते तीस बारीक गाठी जन्मापासून असतात. त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात. एरवी त्या हाताला लागत नाहीत. पायाला जखम होऊन जांघेत अवधाण येते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तद्वत उसाच्या पाल्याने बोट चिरले, कोयता लागला, जखम चिघळली, की काखेतील ग्रंथी सुजते. जखम बरी झाली की ती उतरते.

असे का होते? शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज दुसरेही एक जाळे आहे. पेशींच्या भोवतीचे जादा पाणी, मेलेल्या पेशींचा कचरा, शिरलेले जंतू हे सर्व बारीक नळ्यांतून वाहून नेले जाते. आपल्या काळ्या रानात जादा पाणी काढण्यासाठी आपण चर खोदतो, तसेच हे चर समजावेत. हे पाणी थेट रक्तात सोडले जात नाही. वाटेवर ठिकठिकाणी ग्रंथी आहेत, त्यांतून गाळून ते पुढे जाते. स्तनातील हे पाणी सुमारे पाऊण हिस्सा काखेतील ग्रंथींकडे जाते, उरलेले बहुतांशी छातीच्या मधल्या हाडाजवळच्या ग्रंथींकडे. म्हणून स्तनातील रोगाचा पहिला मुक्काम बहुधा काखेत पडतो.

ग्रंथी नुसती गाळणी नव्हे. आपल्या गट ऑफिसात जशी प्रत्येक गावची खबर येते आणि तेथून माणसे कामावर निघतात, तसे तिचे काम आहे. शरीरात गस्त घालणाऱ्या काही पेशी असतात. त्या परक्या वस्तूचा तुकडा उचलून ग्रंथीत आणतात आणि तेथील लढाऊ पेशींना दाखवतात. या गस्तीच्या पेशींना डेंड्रिटिक पेशी म्हणतात. राल्फ स्टाइनमन यांनी त्या १९७३ मध्ये उजेडात आणल्या आणि त्याबद्दल त्यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तुकडा ओळखणारी लढाऊ पेशी सापडली की तिची संख्या वाढते आणि ती फौज जखमेकडे निघते. गाठ सुजते ती या वाढत्या फौजेमुळे.

राखणदार आणि किडीचे मुंगळे

आता प्रश्न असा, की शरीरात एवढी राखण असताना कर्करोग वाढतोच कसा?

सन २००२ मध्ये आपल्या भागात उसावर लोकरी मावा आला तो बहुतेकांना आठवत असेल. पाने पांढरी झाली, फवारणी करून माणसे दमली. पुढे कोनोबाथ्रा, मायक्रोमस असे मित्र कीटक वाढले, तेव्हा मावा आटोक्यात आला. शरीरातही असे मित्र आहेत. त्यांतील मुख्य तीन सांगतो.

पहिल्या भक्षक पेशी. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्यास दिसल्या. परक्या वस्तू गिळणे हे त्यांचे काम. १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळाले. दुसऱ्या मारेकरी टी पेशी. बिघडलेली पेशी ओळखून नेमकी तीच मारणे हे त्यांचे काम. तिसऱ्या आवरणाऱ्या टी पेशी. लढाई हाताबाहेर जाऊन शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये म्हणून त्या लगाम खेचतात. या लगामाचा शोध लावल्याबद्दल जपानचे साकागुची आणि अमेरिकेचे ब्रन्को व रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल देण्यात आले.

स्तनात गाठ धरू लागते तेव्हा हे राखणदार तेथे जातात. कित्येक बिघडलेल्या पेशी जागच्या जागी मारल्याही जात असाव्यात. पण कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते. ती आपलीच, घरात वाढलेली पेशी असते. त्यामुळे ती ओळखणे अवघड. ज्या पेशी ओळखू येतात त्या मारल्या जातात आणि ज्या लपतात त्या उरतात व वाढतात. एकच औषध सारखे फवारले की न मरणारी कीड शिल्लक राहते, तोच हा प्रकार.

दुसरी गोष्ट अधिक वाईट आहे. मावा किंवा पिठ्या ढेकूण असला की तेथे मुंगळे दिसतात. त्यांना गोड चिकटा हवा असतो, म्हणून मित्र कीटक आले तर मुंगळे त्यांनाच हुसकतात. कर्करोगाची गाठ असेच मुंगळे पाळते. फरक इतकाच, की हे मुंगळे बाहेरचे नसून आपल्याच राखणदारांतून फितवलेले असतात. भक्षक पेशींचे दुसरे एक काम जखम भरून काढण्याचे आहे. नव्या रक्तवाहिन्या आणणे, पेशींना वाढीचे खाद्य देणे ही कामे त्या जखमेत करतात. गाठ अशी रसायने सोडते की भक्षक पेशींना ती न भरलेली जखमच वाटते. मग त्या गिळण्याचे सोडून गाठीलाच रक्तपुरवठा करून देतात. एवढेच नव्हे, तर कर्करोगाच्या पेशीला रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत शिरावयास वाट करून देतात. आवरणाऱ्या पेशीही गाठीभोवती जादा जमतात आणि मारेकरी पेशींचा लगाम खेचून धरतात.

तिसरी युक्ती खोट्या पासाची. निरोगी पेशीने आपल्याला मारू नये म्हणून दाखवावयाची एक खूण शरीरात असते. मारेकरी टी पेशीवर पीडी-१ नावाचे कुलूप असते आणि ही खूण म्हणजे त्याची किल्ली. काही कर्करोगाच्या पेशी ही खूण स्वतःवर लावून घेतात. पहारेकऱ्याला पास दिसला की तो गाडी आत सोडतो. हे कुलूप शोधणारे होंजो आणि असेच दुसरे कुलूप उघडण्याचा मार्ग दाखवणारे अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

सर्व गाठी मात्र एकसारख्या नसतात. उसाच्या जाती वेगळ्या तसे स्तनाच्या कर्करोगाचेही प्रकार आहेत. काही गाठी स्त्रीच्या हार्मोनवर वाढतात, काहींवर हर-२ नावाची खूण जादा असते, तर काहींवर या खुणांपैकी एकही नसते, त्यांना ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-२ या प्रकारांत गाठीत घुसलेल्या लढाऊ पेशी जितक्या जास्त, तितका रुग्णाचा पुढचा काळ चांगला, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. हार्मोनच्या प्रकारात असा सरळ हिशेब लागत नाही.

गाठीपासून काखेपर्यंत

गाठ मोठी होताना ती आपल्या कडेने नवे चर खोदून घेते. तशी वाढ करणारी रसायने ती सोडते. या चरांतून सुटलेल्या पेशी काखेतील पहिल्या ग्रंथीत येऊन पडतात. येथे खरे तर त्यांचा फडशा पडावयास पाहिजे, कारण लढाऊ पेशींचे ठाणेच ते. पण प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे, की पेशी पोचण्याआधीच गाठीची रसायने ग्रंथीत पोचतात आणि तेथील वातावरण थंड करून ठेवतात. म्हणजे बेणे पडण्यापूर्वीच रान तयार झालेले असते.

ग्रंथीतून रोग पुढे जातो का? यावर डॉक्टर लोकांत शंभर वर्षे वाद झाला. अमेरिकेतील हॉल्स्टेड हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्हणत, की रोग पायरी-पायरीने पुढे जातो, म्हणून स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व ग्रंथी एकदमच काढाव्यात. ऑपरेशन फार मोठे होई. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये १६६५ स्त्रियांवर चाचणी सुरू केली. काहींचे मोठे ऑपरेशन, काहींचे लहान. २५ वर्षांनी हिशेब केला तेव्हा जगण्यात फरक आढळला नाही. याचा अर्थ काही रोग रक्तावाटेही निघून जातो, नुसते मोठे कापून भागत नाही. तरीही ग्रंथी निर्दोष ठरत नाही. २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत ग्रंथीत बसलेल्या काही पेशी तेथील रक्तवाहिन्यांत शिरून थेट फुप्फुसापर्यंत गेलेल्या दिसल्या. थोडक्यात, काखेतली ग्रंथी ही रोग घर सोडून निघाला याची खबर देते आणि कधीकधी त्याला पुढची गाडीही मिळवून देते.

म्हणून डॉक्टर ग्रंथी मोजतात. एक ते तीन ग्रंथींत रोग, चार ते नऊ ग्रंथींत आणि दहा किंवा अधिक ग्रंथींत, असे गट आहेत. संख्या वाढते तसा उपचार वाढतो. वहिनींच्या पाच ग्रंथी, म्हणजे मधला गट.

पहारेकरी ग्रंथी

पूर्वी काखेतील बहुतेक ग्रंथी सरसकट काढत. त्याची किंमत हाताला द्यावी लागे. चर बुजवले की रानात पाणी साचते, तसे हातात पाणी साचून हात सुजतो. सर्व ग्रंथी काढलेल्या पाचांपैकी सुमारे एका स्त्रीला हा त्रास होतो.

१९९० नंतर नवी पद्धत आली. स्तनात निळा रंग किंवा अगदी सौम्य किरणोत्सारी द्रव टोचावयाचा आणि तो काखेतील कोणत्या ग्रंथीत प्रथम पोचतो ते पाहावयाचे. पाटात रंग सोडून पाणी कोणत्या सरीत आधी जाते ते पाहावे तसे. त्या पहिल्या ग्रंथीला पहारेकरी ग्रंथी म्हणतात. अशा एक-दोन-तीन ग्रंथी काढून तपासतात. त्या स्वच्छ असल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. या पद्धतीत हात सुजण्याचा त्रास वीसपैकी सुमारे एकीलाच होतो. पुढे अमेरिकेतील एका चाचणीत एक किंवा दोन पहारेकरी ग्रंथींत रोग असलेल्या सुमारे ८९० स्त्रिया घेतल्या. त्यांच्या स्तनातील फक्त गाठ काढली होती आणि पुढे शेक, म्हणजे किरणोपचार, द्यावयाचा होता. निम्म्यांच्या बाकी ग्रंथी काढल्या, निम्म्यांच्या ठेवल्या. दहा वर्षांनी ठेवलेल्यांपैकी शंभरात ८६ आणि काढलेल्यांपैकी ८४ जिवंत होत्या. म्हणजे काढून जादा लाभ झाला नाही.

पण ही सवलत लवकर येणाऱ्यास आहे. काखेत गाठी हाताला लागू लागल्यावर आणि त्यांत रोग ठरल्यावर ती बहुधा मिळत नाही. वहिनी श्रावणात गेल्या असत्या तर कदाचित एक-दोन ग्रंथींवर भागले असते. आज त्या सुखरूप आहेत, नातवंडांत रमतात. पण उजवा हात जड आहे, दिवसभर घट्ट बाही घालावी लागते आणि म्हशीची धार काढता येत नाही. हात चिरला की लगेच लाल होतो, कारण त्या हाताची राखण कमी झाली आहे. धार काढणे गेले याचे त्यांना ऑपरेशनपेक्षा जास्त वाटते.

राखणदारांना परत जागे करणारी औषधे

खोट्या पासाची युक्ती कळल्यावर त्यावर औषधे निघाली. पीडी-१ चे कुलूप झाकले की पास चालत नाही आणि मारेकरी पेशी पुन्हा कामाला लागते. अशा औषधांपैकी पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध जोखमीच्या ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगात ऑपरेशनपूर्वी केमोथेरपीबरोबर देण्यास अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. हे औषध महाग आहे आणि सर्व प्रकारांना लागू नाही. लगाम सैल केल्यामुळे राखणदार कधी स्वतःच्याच थायरॉईडवर, आतड्यावर, फुप्फुसावर हल्ला करतात, हेही सांगितले पाहिजे.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवा, गाठ विरघळेल' असे सांगून पूड, काढा, अर्क विकणारे गावोगाव फिरतात. वर वाचलेच आहे, की प्रश्न राखणदार कमी असण्याचा नाही, ते फितवले जाण्याचा आहे. नुसती संख्या वाढवून काय होणार? फितूर राखणदारही वाढतील. अशा पुडीने गाठ जात नाही, हंगाम मात्र निघून जातो.

सभासदांनी काय करावे

सन २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. आपल्याकडे स्त्रिया उशिरा येतात हे यामागचे एक मोठे कारण आहे.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची शिकवलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासणी केली, अशा चार फेऱ्या झाल्या. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीवरील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीखाली असा फरक दिसला नाही. मोठे यंत्र नव्हते, शिकलेला हात होता. यास्तव पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. स्तनात किंवा काखेत गाठ लागली आणि दोन आठवड्यांत गेली नाही, तर डॉक्टरांना दाखवावी. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही.

२. त्वचा संत्र्याच्या सालीसारखी होणे, खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे यांपैकी काहीही दिसल्यास लगेच जावे.

३. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. म्हणून भिऊन लपवू नये. तपासून घेतल्याने झोप तरी शांत लागते.

४. सुई लावली की रोग पसरतो ही समजूत चुकीची आहे. सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय रोगाचा प्रकार कळत नाही, आणि प्रकार कळल्याशिवाय औषध ठरत नाही. माती परीक्षणाशिवाय खताचा डोस ठरवतो का आपण?

५. तिशीवरील स्त्रियांची स्तन तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. गावच्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात चौकशी करावी.

६. कर्करोगाचे अनेक उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्यास रेशनकार्ड व ओळखपत्र घेऊन भेटावे.

७. ज्यांच्या काखेतील ग्रंथी काढल्या आहेत त्यांनी त्या हाताने पाला काढणे, जड ओझे उचलणे याबाबत डॉक्टरांना विचारूनच करावे. हात जपावा, जखम झाल्यास हयगय करू नये.

८. हा रोग पुरुषांनाही क्वचित होतो. शंभर रुग्णांत सुमारे एक पुरुष असतो. त्यांनीही गाठ अंगावर काढू नये.

पुरुष सभासदांना एक विनंती. हे वार्तापत्र बहुधा आपणच वाचता आणि कपाटावर टाकता. हा अंक घरात वाचून दाखवावा. लाज वाटत असेल तर उघडा करून स्वयंपाकघरात ठेवावा. आणि घरातील बाई कधी म्हणाली, "जरा दवाखान्यात जाऊन यायचं होतं," तर तोडणीचा प्रोग्रॅम आलाय असे उत्तर देऊ नये. ऊस चार दिवस रानात उभा राहिला तर उताऱ्यात थोडा फरक पडेल. गाठीच्या बाबतीत आठ महिन्यांनी काय फरक पडतो ते वर लिहिले आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी